डाव्या मानेतला ठिपका

३ फेब्रुवारी

ताई,

गोळ्या मिळाल्या. पाकिटात हात घालून तळापर्यंत चाचपलं, उलटं करून झटकलं, गोळ्या गुंडाळलेल्या कागदाच्या घड्यासुद्धा उलगडून पाहिल्या. गोळ्यांशिवाय काही नाही. दोन ओळी खरडल्या असत्यास तर पोस्टवाल्याने अडवलं नसतं तुला. फोन उचलायचा नाही आणि गोळ्या मात्र वेळेवर पाठवायच्या, हे कसलं भांडण? भांडायचं तर धड भांड. माझा पत्ता मीच कळवला होता हे खरं, पण तो काही औषधाच्या दुकानाला कळवला नव्हता.

मी अजून रागावलेलाच आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे काही बरं लिहिलं गेलं तर तुझा गैरसमज नको.

लाँचवरचं काम माझं होतं. धक्क्यावर उभं राहून ओरडायचं, "चला पलीकडे, पलीकडे, सुटली, सुटली!" माझ्या आवाजावर लोक अर्धा चहा टाकून पळत यायचे. मालक म्हणायचा, भोंगा बिघडला तरी चालेल, हा बिघडायला नको. आणि तू एका सकाळी जाऊन त्याला सांगितलंस, माझ्या भावाला फिट येतात, त्याला पाण्याजवळ ठेवू नका. मला विचारलंस? दुसऱ्या दिवशी त्याने माझी शिट्टी काढून घेतली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या लाँचला भोक पाडून आलोय.

वर ते ऑपरेशन. डाव्या मानेतल्या नसेला वायरचा वेढा आणि छातीत कातडीखाली डबी. डबी थोड्या थोड्या वेळाने नसेला टिचकी मारणार आणि फिट कमी होणार. होणार म्हणजे बहुतेक होणार. आणि टिचकी बसली की तेवढा वेळ आवाज बसणार. ज्याच्याकडे आवाजाशिवाय दुसरं काहीच नाही, त्यालाच हे. तू तारीख घेऊन घरी आलीस, मी पिशवी घेऊन बाहेर पडलो. त्यात चुकलं काय?

तर मी आता एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खाली दिवसभर चाकं फिरतात, वर माझा पंखा फिरत नाही. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "पंखा सायकलचा असता तर केला असता." कामही मिळालंय. ऐकून हसशील. मी झोपतो. पगारी झोपतो.

सोनोग्राफीचं मशीन चालवायला शिकवणारी एक संस्था आहे. त्या पोरांना सरावाला जिवंत माणूस लागतो. चहाच्या टपरीवर कागद चिकटवला होता, "निरोगी तरुण पाहिजे, झोपून राहण्याची तयारी हवी." दुसरी अट माझ्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली. पहिलीबद्दल मी काही बोललो नाही. त्यांनीही काही विचारलं नाही.

आणि मला झोपवून ते काय बघतात माहितीये? मान. इथेही मानच! आता हसलीस तरी चालेल. मला ऐकू येणार नाही.

तुझा भाऊ


२१ फेब्रुवारी

ताई,

पुन्हा नुसत्या गोळ्या. छान.

तू नाही विचारलंस तरी सांगतो, कारण इथे मला कोणी बोलू देत नाही. मान हलते म्हणतात. शर्टाची कॉलर आत दुमडून उशीशिवाय झोपायचं, हनुवटी उजवीकडे वळवायची आणि छताकडे बघत राहायचं. छतावर पाण्याचा एक डाग आहे. तो आधी मला बदकासारखा दिसायचा, आता आपल्या घरमालकिणीसारखा दिसतो. मग मानेवर थंडगार जेलीचा गोळा पडतो, वरून मशीनचा दांडा फिरतो आणि पडद्यावर माझ्या मानेचा आडवा काप दिसतो. काकडीच्या चकतीसारखा, फक्त करडा.

शिकवणाऱ्या मॅडम पहिल्या दिवशी भिंतीवरच्या चित्रावर छडी ठेवून म्हणाल्या, "मानेत प्रत्येक बाजूला एक म्यान आहे आणि त्यात तिघं एकत्र राहतात. हृदयाकडून डोक्याकडे जाणारी जाड रक्तवाहिनी, डोक्याकडून खाली येणारी शीर, आणि या दोघींच्या मधल्या खाचेत, जरा मागच्या बाजूला, व्हेगस नावाची नस."

पडद्यावर म्हणे जाड रक्तवाहिनी काळ्या गोलासारखी दिसते आणि ठोके मारते. दांडा दाबला की शेजारची शीर पार चपटी होते, गोल मात्र दबत नाही. आणि नस म्हणजे एवढासा पांढरट ठिपका, मधमाशांच्या पोळ्यासारखा. ही नस मेंदूच्या बुडातून निघते ती मान, छाती करत थेट पोटापर्यंत जाते. नावाचा अर्थच भटकी, असं मॅडम म्हणाल्या. वर्गात एक उंच पोरगा आहे, त्याला सगळे लांब्या म्हणतात, त्याने लगेच माझ्याकडे बोट केलं. मी झोपूनच हात जोडले.

पण ऐक, मला राग कशाचा आला. घशाला आवाज देणारी फांदी याच नसेची. नस घशाच्या अगदी शेजारून खाली जाते, तेव्हा ही फांदी उतरत नाही. डाव्या बाजूची तर नसेबरोबर पार छातीत जाते, तिथे हृदयातून निघालेल्या मोठ्या नळाला खालून वळसा घालते आणि मग पुन्हा वर चढत घशात येते. म्हणजे स्टॉप दारासमोर असताना डेपोपर्यंत जाऊन परत चालत यायचं! मी मॅडमना विचारलं, हे असं कोणी केलं? त्या म्हणाल्या, "हलू नकोस."

वर वायर गुंडाळून टिचकी मारली की खाली गेलेल्या या फांदीबाईलाही ती लागते आणि आवाज बसतो. हे मला तुमच्या डॉक्टरने असं सांगितलंच नव्हतं. तो म्हणाला होता "थोडा परिणाम होऊ शकतो." थोडा म्हणे.

डावीच बाजू का, तेही विचारलं. उजव्या नसेचा हृदयाच्या ठोक्यांवर जास्त ताबा असतो म्हणतात, म्हणून तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. मॅडमनी भुवई उचलून विचारलं, "तुला कशाला एवढ्या चौकशा?"

म्हटलं, सहज.

मॅडमची कंबर धरली त्याच आठवड्यात. त्यांच्या जागी आता मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस येतो. त्याला मशीनचं प्रत्येक बटण पाठ आहे, मानेशी त्याचं घेणंदेणं नाही. पण पोरांना तो आवडतो. चित्र नाही, छडी नाही. त्याने माझ्या मानेवर दांडा ठेवला, बटणं फिरवली, ठिपका सापडला. "हे बघा, काळा गोल दिसला? त्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका. गोल, डोकं, ठिपका. विषय संपला." आता सगळा वर्ग तेच म्हणत माझ्या मानेवर दांडा फिरवतो. वर्गात एक चष्मेवाली आहे, तीच एकटी जेली ओतायच्या आधी बाटली हातात धरून गरम करते. बाकीच्यांना मी टेबलाचाच भाग वाटतो.

जागा लक्षात राहावी म्हणून त्यांनी मानेवर पेनाने रेघ मारली. ती साबणाने जात नाही. न्हाव्याकडे गेलो तर तो वस्तरा हातात धरून म्हणाला, "इथून कापायचं असं लिहून आणलंय का?"

मी हसलो नाही. तू हसली असतीस.

तुझा भाऊ


१४ मार्च

ताई,

आज मी एक अख्खा वर्ग नापास केला. झोपून.

परीक्षेला बाहेरून एक डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलं, रोजचा माणूस नको, दुसरा द्या. मग संस्थेच्या शिपायाला झोपवला. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडंच होतं. लांब्या पहिला गेला. दांडा ठेवला, काळा गोल दाखवला, शीर दाबून दाखवली. सगळं झकास. मग डॉक्टर म्हणाले, "नस?" लांब्याने पडद्यावर बोट टेकवलं. डॉक्टर वाकले.

"इथे काय आहे?"

"व्हेगस, सर."

"कोणाची?"

दुसरा गेला, त्यानेही तिथेच बोट टेकवलं. तिसरीनेही. काळ्या गोलाच्या डोक्यावर, जिथे शिपायाच्या मानेत काहीही नव्हतं. त्याची नस मागच्या खाचेत, भिंतीवरच्या चित्रात होती तिथे निवांत पडली होती आणि कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं. डॉक्टर तापले. सगळ्यांचं उत्तर चूक आणि चूकही एकच, म्हणजे कॉपी! म्हणाले, एवढ्या वर्षांत प्रॅक्टिकलला कॉपी मी पहिल्यांदा बघतोय.

चष्मेवाली रडवेली झाली, पण बोलली. "सर, आमच्या माणसाच्या मानेत तिथेच असते."

"कोण तुमचा माणूस?"

मला आत नेलं. शिपाई उठला, मी आडवा झालो. डॉक्टरांनी दांडा ठेवला. त्यांनी दांडा वर नेला, खाली नेला, दुसऱ्या बाजूला लावून पाहिला, परत डावीकडे आले. पट्टा बांधून का होईना, मॅडम त्या दिवशी आल्या होत्या. त्यांना हाक मारली. दोघं पडद्याला नाक लावून उभे.

माझी डावी नस मागच्या खाचेत नाहीच. ती रक्तवाहिनीच्या पुढून जाते, अगदी डोक्यावरून. काही माणसांत असं असतं म्हणे, फार नाही. आजार नाही, काही नाही. फक्त ती तिच्या जागेवर नाही. आणि वर्गातल्या सगळ्यांनी मान म्हणून आजवर फक्त माझीच मान पाहिली होती.

पोरांना दोन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा द्यायला मिळणार आहे, पण बाहेर आल्यावर लांब्या माझ्यावरच उखडला. "तुला आधी सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? नमस्कार, माझी नस पुढे आहे?"

"सरळ पडून राहायचं एवढंच काम होतं तुझं."

"सरळच पडलो होतो. ती वाकडी आहे."

सांग ताई, आता याच्यातही माझीच चूक? आयुष्यात एक काम मी न कंटाळता, न हलता, वेळेवर जाऊन केलं, आणि त्यातूनही हे निघालं. मशीनवाला तर नुसता खांदे उडवून म्हणाला, "मशीनने बरोबरच दाखवलं होतं." बरोबर आहे त्याचं. मलाच चुकीचं बनवलंय.

जाताना ते डॉक्टर हात पुसत सहज म्हणाले, "उद्या कधी तुझ्या मानेला चाकू लावायची वेळ आली, तर सर्जनला हे आधी सांग. उघडल्यावर सापडेलच त्याला, पण आधी माहीत असलेलं बरं."

मी हो म्हटलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

तुझा भाऊ


२९ मार्च

ताई,

फिट आली. टेबलावरच.

पुढच्या परीक्षेच्या सरावाला चष्मेवाली मशीनवर होती. ती कसलासा प्रश्न विचारत होती, मी उत्तर देत होतो. एवढंच आठवतं. मग डोळे उघडले तर मी कुशीवर, डोक्याखाली तिची ओढणी, जीभ चावलेली, तोंडात रक्ताची चव, आणि सगळा वर्ग भिंतीला चिकटून उभा. लांब्या पंख्यासारखी वही हलवत होता. त्याचा राग गेला होता. मला त्याचा रागच बरा वाटला असता.

मॅडमनी सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, ऑपरेशनचंसुद्धा. मला वाटलं त्या समजून घेतील. समजून घेतलं आणि मग ऑफिसला जाऊन सांगून आल्या. काम बंद. मी म्हटलं, "मॅडम, मला विचारायचं तरी!" त्या म्हणाल्या, "टेबल केवढं उंच आहे बघितलंस? मान मोडली असती तर तुझ्या घरी कोणत्या तोंडाने सांगितलं असतं?"

तुम्ही दोघी एकाच शाळेत होतात का?

बरं, मग त्यांनीच मला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. या बाई आपल्या जुन्या डॉक्टरसारख्या नाहीत. "थोडा परिणाम" वगैरे म्हणत नाहीत. त्यांनी डोक्याला वायरी लावून तपासण्या केल्या, गोळ्यांची नावं विचारली, मान स्वतः बघितली आणि म्हणाल्या, डबी बसवता येईल, नस पुढे असली तरी अडचण नाही. पण आधी मला सांग, तुझी फिट सुरू कशी होते? डोकं कुठे वळतं? कोणता हात आधी हलतो? किती वेळ चालते?

म्हटलं, बाई, मला काय माहीत? तेव्हा मी तिथे नसतो.

"मग कोण असतं?"

हे ऐक आता, ताई. चष्मेवालीने एकच बघितली, आणि घाबरून तिला काही धड आठवत नाही. लाँचवाल्यांनी एकही बघितली नाही, निदान तसं ते म्हणायचे. डॉक्टरीणबाईंना अशा माणसाशी बोलायचंय ज्याने पहिल्यापासून, पुन्हा पुन्हा बघितलंय. त्याशिवाय त्या पुढे जायला तयार नाहीत. आई गेल्यापासून असं माणूस जगात एकच आहे आणि ते फोन उचलत नाही!

मला किती चीड येतेय तुला कळणार नाही. माझ्याच अंगात काय होतं ते मला दुसऱ्याला विचारावं लागतं, आणि तो दुसरा म्हणजे तू.

मला ऑपरेशन करायचंच आहे असं नाही. अजून ठरवलेलं नाही. पण ठरवायचं असेल तर ते मला ठरवता आलं पाहिजे. खाली डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहिलाय. माझ्याशी बोलू नकोस, नको असेल तर. त्यांच्याशी बोल.

तुझा भाऊ


११ एप्रिल

ताई,

त्यांच्याशी बोललीस. तासभर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीसारखं नीट सांगणारं माणूस क्वचित भेटतं. मला तर गेल्या पाच महिन्यांत तू हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस.

त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. आधी मी बोलता बोलता थांबतो. तोंड हलत राहतं, आवाज येत नाही. चेहरा तसाच असतो, म्हणून नवख्याला वाटतं की मी काहीतरी आठवतोय. मग उजव्या हाताची बोटं शर्टाचं टोक चोळायला लागतात, मग मान उजवीकडे, मग मी पडतो.

आधी आवाज जातो. मी तीनदा विचारलं त्यांना. खरंच आधी आवाज? त्या म्हणाल्या, नेहमी.

म्हणजे ज्याच्यासाठी मी पळालो तो दर फिटला माझ्या नकळत जाऊन येत होता आणि हे मला सोडून सगळ्या घराला माहीत होतं.

आणि धक्क्यावरचं. तेही सांगितलंस तू त्यांना. त्या दिवशी डबा द्यायला आली होतीस, मी ओरडत उभा होतो, आणि मध्येच माझा आवाज बंद झाला. तोंड उघडं, हात वर, आणि माझे पाय कडेला, निम्मे बाहेर. लोकांना वाटलं मी मस्करी करतोय. एकजण टाळ्या वाजवत होता. तू कॉलर धरून मागे ओढलंस आणि माझ्यावर पडलीस.

मला एवढंच आठवतं की डबा सांडला होता आणि तू विनाकारण माझ्यावर ओरडत होतीस. म्हणून मीही ओरडलो. घरी गेल्यावरही आपण ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी तू मालकाकडे गेलीस.

ताई, हे मला सांगायचं ना! मालकाला सांगितलंस, डॉक्टरला सांगितलंस, आता या डॉक्टरीणबाईंना सांगितलंस. ज्याचे पाय कडेला होते त्याला सोडून सगळ्यांना सांगितलंस. तू म्हणशील, मी ऐकलं असतं का? नसतं. तुला खोटारडी म्हटलं असतं आणि तेव्हाच पिशवी उचलली असती. तरीपण सांगायचं. ऐकायचं की नाही ते माझं मी बघितलं असतं.

ठरवलंय. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. तुझ्यासाठी नाही करत, मॅडमसाठी नाही, कोणासाठी नाही. बोलता बोलता आवाज जाणार आणि मला पत्ताही लागणार नाही, यापेक्षा तो जाताना मला कळेल ते बरं. सर्जनला मी स्वतः सांगितलं, नस पुढे आहे, मागे शोधू नका. तो हसून म्हणाला, मला रिपोर्टमध्ये दिसलं. म्हटलं, दिसलं असेल, तरी सांगतो. दोन चिरा पडणार, एक मानेला, एक छातीवर. लांब्या रात्री सोबत थांबणार आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव. यायचं असेल तर ये, पण येऊन रडारड केलीस तर मी परत पळेन, टाके घेऊन पळेन.

डबी लगेच सुरू करत नाहीत. जखम भरेपर्यंत दोनेक आठवडे थांबतात. मग सुरू. दर पाचेक मिनिटांनी अर्धं मिनिट आवाज घोगरा होईल, शब्द अडकतील. धक्क्यावरचं काम तसं संपलंच समज. लाँच काही माझी टिचकी संपेपर्यंत थांबणार नाही. पुढे काय करायचं ते मला माहीत नाही, आणि तू सुचवू नकोस.

फक्त एक कर. माझा नंबर जो बंद करून ठेवलायस तो उघड. डबी सुरू झाली की मी फोन करेन. आधी मी बोलेन, भरपूर बोलेन, सगळं अजून बाकी आहे माझं. मग मध्येच आवाज बसेल. घाबरू नकोस, ती फिट नसेल. आणि फोन ठेवू नकोस. तेवढ्या वेळात तू बोल. धक्क्यावर काय झालं ते पहिल्यापासून सांग, तुझ्या तोंडून. मला मध्ये बोलता येणार नाही.

तुझा भाऊ